सी ड्राइव्ह लाल झाला? आधी मोजा, मग पुसा

‘लो डिस्क स्पेस’ची सूचना आली की बहुतेकांचा हात आधी डाउनलोड्स फोल्डरकडे जातो. कंट्रोल-ए, डिलीट, रिसायकल बिन रिकामा. मिळतात जेमतेम तीन जीबी, आणि पुढच्या आठवड्यात बँकेत द्यायची सही केलेली पीडीएफ सापडत नाही. ओळखीच्यांचे लॅपटॉप पाहताना हे इतक्या वेळा दिसलंय की आता मी आधी एकच सांगतो: काहीही पुसू नका, जागा कशाने खाल्लीय ते बघू.

लॅपटॉप क्वचितच ‘कचऱ्याने’ भरतो. तो भरतो चार-पाच मोठ्या गोष्टींनी, आणि त्या सहसा नजरेआड असतात. त्या शोधल्या की अर्ध्या तासात ४०-५० जीबी मोकळे होऊ शकतात. न शोधता किरकोळ फाइल्स पुसत बसलात तर दिवस जातो आणि धोका मात्र पुरेपूर राहतो.

खाली जे आहे ते विंडोज १० आणि ११ साठी. मेन्यूंची नावं आवृत्तीप्रमाणे थोडी इकडे-तिकडे होतील, पण वाट तीच.

२५६ जीबी घेतले, दिसतात २३८. बाकीचे?

हा प्रश्न दर वेळी येतो, म्हणून आधी मिटवून टाकू. डिस्क बनवणारे एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात. विंडोज मात्र १०२४ च्या पटीत मोजतं, म्हणजे त्याचा एक जीबी सुमारे १०७ कोटी बाइटांचा. त्यामुळे २५६ चे २३८ दिसतात, ५१२ चे ४७६ आणि एक टीबीचे ९३१. कोणी फसवलेलं नाही आणि ही जागा परतही मिळणार नाही. शिवाय २०१९ नंतरच्या विंडोजमध्ये अपडेटसाठी सुमारे ७ जीबी राखीव ठेवलेले असू शकतात. ती जागा आहे तशी राहू द्या.

एक्सप्लोररमध्ये ‘धिस पीसी’ उघडलं की ड्राइव्हची निळी पट्टी दिसते. मोकळी जागा १० टक्क्यांच्या खाली गेली की ती लाल होते. तोवर थांबू नये. एसएसडीला (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कला) आतल्या आत लिखाणाची जुळवाजुळव करायला रिकामे कप्पे लागतात, विंडोजच्या मोठ्या अपडेटला जागा लागते आणि रॅम अपुरी पडली की वापरायच्या ‘पेजफाइल’लाही वाढायला वाव लागतो. २५६ च्या डिस्कवर ३५-४० जीबी कायम मोकळे असावेत असा माझा हिशेब आहे.

पहिलं काम: मोजणी

सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात स्टोरेज. पान उघडल्यावर अर्धा-एक मिनिट थांबा, आकडे हळूहळू भरतात. ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’, ‘टेम्पररी फाइल्स’, ‘डॉक्युमेंट्स’ अशा पट्ट्या दिसतील. खाली ‘शो मोअर कॅटेगरीज’ दाबा. ‘अदर’मध्ये भलामोठा आकडा असेल तर खरा ऐवज तिथे आहे, आणि तो काय आहे हे हे पान नीट सांगत नाही.

त्यासाठी विझट्री किंवा विनडिरस्टॅट वापरा. दोन्ही घरगुती वापरासाठी फुकट आहेत. विझट्री सेकंदांत निकाल देतं, कारण ते एकेक फाइल उघडून मोजत नाही, डिस्कवरची फाइलींची मुख्य नोंदवहीच वाचतं. मूळ संकेतस्थळावरूनच उतरवा. शोधात वर येणाऱ्या जाहिरातीतल्या ‘डाउनलोड’ बटणावरून नको.

आकारमानानुसार उतरत्या क्रमाने फोल्डर दिसतात. सी ड्राइव्हच्या खाली साधारण हे सापडेल: ‘यूजर्स’ (तुमचं सगळं इथे), ‘विंडोज’, दोन ‘प्रोग्राम फाइल्स’, आणि ‘हायबरफिल’ व ‘पेजफाइल’ या दोन मोठ्या सुट्या फाइल्स. ‘यूजर्स’मध्ये तुमच्या नावाचा फोल्डर उलगडा आणि ‘ॲपडेटा’ कितीचा आहे ते बघा. हा फोल्डर एरवी लपलेला असतो, आणि ‘माझ्याकडे तर काहीच नाही, तरी डिस्क भरली’ म्हणणाऱ्यांचं उत्तर बऱ्याचदा याच्या पोटात असतं.

इथे फक्त बघायचं. विझट्रीमध्ये उजवी क्लिक करून पुसायची सोय आहे, ती वापरू नका. कागद घेऊन पहिली दहा नावं आणि त्यांचे आकडे लिहून काढा. पुढची कामं याच यादीवर करायची आहेत.

फाइल कोणाची आहे?

यादीतल्या प्रत्येक नावापुढे तीनपैकी एक खूण करा. जे तुम्ही तयार केलंत आणि पुन्हा कुठेच मिळणार नाही ते ‘माझं’: फोटो, हिशेब, प्रबंध, रेकॉर्डिंग. जे पुन्हा उतरवता येईल ते ‘परत मिळेल’: गेम, सॉफ्टवेअरचे इन्स्टॉलर, सिनेमे, क्लाउडवर असलेल्या फाइल्स (या कशा काढायच्या ते पुढे क्लाउडच्या भागात). आणि विंडोज किंवा एखाद्या प्रोग्रामने स्वतःसाठी ठेवलेलं ते ‘त्याचं’.

‘माझं’ आधी दुसरीकडे नीट पोचवायचं, मगच इथून काढायचं. ‘परत मिळेल’ बेधडक काढा. ‘त्याचं’ असेल ते ज्याचं आहे त्याच्याच मेन्यूतून काढायचं, एक्सप्लोररमधून निवडून कधीच नाही. एखाद्या नावाबद्दल शंका असेल तर ते ‘त्याचं’ समजा.

खूण करताना काही गोष्टी फसव्या असतात. टॅलीचा डेटा ‘डॉक्युमेंट्स’मध्ये असेलच असं नाही, कंपनीचा डेटा कुठे साठतोय तो पत्ता टॅलीच्या आतच बघून घ्या. डेस्कटॉपवरच्या फाइल्स म्हणजे सी ड्राइव्हवरच्याच फाइल्स, त्या कुठे अधांतरी नसतात. आणि आयफोनचा बॅकअप लॅपटॉपवर घेतला असेल तर तो ‘ॲपडेटा’च्या खोल पोटात किंवा तुमच्या नावाच्या फोल्डरातल्या ‘ॲपल’मध्ये ‘मोबाइलसिंक’ नावाने असतो. तो सहज ५०-६० जीबीचा असू शकतो. दिसायला तो ‘त्याचं’ वाटतो, पण फोन हरवला तर तोच तुमचा एकमेव आधार असेल. नवा बॅकअप आहे याची खात्री करून मगच जुना काढा, तोही आयट्यून्स किंवा ‘ॲपल डिव्हायसेस’ ॲपमधूनच.

काढण्याआधी प्रत

या भागात घाई नको. माझ्या पाहण्यातलं बहुतेक नुकसान इथलंच आहे.

बाहेरची हार्ड डिस्क किंवा एसएसडी घ्या. पेन ड्राइव्हवर एकमेव प्रत ठेवू नका. तो हरवतो, वाकतो आणि काही न सांगता बंद पडतो. ऑनलाइन काही शे रुपयांत मिळणारे ‘२ टीबी’चे पेन ड्राइव्ह तर सरळ खोटे असतात. आत ३२ किंवा ६४ जीबीची चिप असते आणि मोठा आकडा दाखवण्यासाठी तिच्यात फेरफार केलेला असतो. कॉपी व्यवस्थित झालेली दिसते, पण खरी जागा संपल्यावरच्या फाइल्स निकामी होतात. शंका असेल तर ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ नावाचं छोटं फुकट साधन पूर्ण ड्राइव्ह लिहून-वाचून खरी क्षमता सांगतं. तपासणी ड्राइव्ह रिकामा असतानाच करा.

दुसरी अडचण लग्नाच्या व्हिडिओच्या वेळी येते. भरपूर जागा असूनही ‘फाइल इज टू लार्ज फॉर द डेस्टिनेशन फाइल सिस्टिम’ असा निरोप येतो. कारण तो ड्राइव्ह ‘फॅट-३२’ पद्धतीने आखलेला असतो, आणि त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही. ‘एक्सफॅट’मध्ये फॉरमॅट केला की प्रश्न सुटतो. फक्त फॉरमॅट म्हणजे ड्राइव्हवरचं सगळं साफ, तेव्हा आधी त्यातलं बाहेर काढा.

कॉपी करताना ‘कट’ वापरू नका. कॉपी करा, मग दोन्हीकडच्या फोल्डरवर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा आणि दोन्ही खिडक्या शेजारी ठेवा. फाइलींची संख्या आणि ‘साइझ’ची ओळ जुळली पाहिजे, कंसातल्या बाइटांपर्यंत. त्याखालची ‘साइझ ऑन डिस्क’ची ओळ जुळत नसेल तर घाबरू नका, दोन डिस्कचे कप्पे वेगवेगळ्या मापाचे असले की ती वेगळी येते. मग बाहेरच्या डिस्कवरून पाच-सहा फाइल्स उघडून बघा: एखादा जुना फोटो, एखादी एक्सेल, एका व्हिडिओचा शेवटचा मिनिट. ‘इजेक्ट’ करून डिस्क काढा, पुन्हा जोडा, पुन्हा एक फाइल उघडा. उघडली की मूळ फाइल काढायला हरकत नाही.

आता एक कटू हिशेब. लॅपटॉपवरचं काढून बाहेरच्या डिस्कवर ठेवलं की तीही एकच प्रत. तो बॅकअप नव्हे, ते नुसतं स्थलांतर. जे गेलं तर डोळ्यांत पाणी येईल, ते दोन ठिकाणी असायला हवं, आणि त्यातलं एक ठिकाण घराबाहेरचं: क्लाउड किंवा भावाच्या घरची डिस्क.

विंडोजची सफाई विंडोजलाच करू द्या

पुन्हा सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, आणि ‘टेम्पररी फाइल्स’. चौकटींची यादी येईल. इथे एक चौकट ‘डाउनलोड्स’ची असते, बाकी कचऱ्याच्या ओळीत, जणू तोही कचराच. तिच्यावर टिक असेल तर आधी ती काढा. तुमचं डाउनलोड्स म्हणजे पॅनकार्डाची प्रत, विम्याची पावती आणि सातबाराचा उतारा यांचा ढीग असेल, तर तो नंतर निवांत निवडा.

बाकीच्यांपैकी ‘विंडोज अपडेट क्लीनअप’, ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन फाइल्स’, ‘थंबनेल्स’, ‘डायरेक्टएक्स शेडर कॅश’, ‘टेम्पररी इंटरनेट फाइल्स’ यांना खुशाल टिक करा. थंबनेल पुसले तर फोटोंची छोटी चित्रं पहिल्यांदा दिसायला थोडा वेळ लागेल, एवढंच. रिसायकल बिन मात्र आधी उघडून नजर टाका आणि मगच टिक करा.

‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’ ही ओळ दिसली तर ती बहुधा यादीत सगळ्यात मोठी असेल, १५-२० जीबीची. विंडोजची मोठी आवृत्ती बदलल्यावर जुनी ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरात राहते, म्हणजे नवी पटली नाही तर मागे जाता यावं. विंडोज ती १० दिवसांनी स्वतःच काढतं. तुम्ही आधी काढलीत तर मागे जायची वाट बंद. प्रिंटर, टॅली, सहीचं डिजिटल टोकन हे सगळं नव्या आवृत्तीत चालतंय ना, हे पाहून मग काढा. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यामुळे अनेकांनी ११ घेतलं. बदलल्यावरचे पहिले दहा दिवस त्यांच्या लॅपटॉपवर ही ओळ पाहायला मिळते.

जुना ‘डिस्क क्लीनअप’ही अजून आहे. स्टार्टमध्ये नाव टाइप करा, सी निवडा आणि ‘क्लीन अप सिस्टिम फाइल्स’ दाबा. त्यातली ‘विंडोज ईएसडी इन्स्टॉलेशन फाइल्स’ ही ओळ सोडून द्या. पुढे कधी लॅपटॉप ‘रीसेट’ करायची वेळ आली तर त्या लागतात.

यातलं काही दर महिन्याला आपोआप व्हावं म्हणून ‘स्टोरेज सेन्स’ सुरू करता येतो. सुरू करताना त्याचं पान उघडून दोन ओळी बघा. डाउनलोड्सपुढे ‘नेव्हर’ हवं. रिसायकल बिनपुढे ३० दिवस ठीक, मी ६० ठेवतो.

हायबरफिल हा वेगळा विषय. लॅपटॉप ‘हायबरनेट’ करताना रॅममधलं काम डिस्कवर उतरवायला ही फाइल असते आणि ती साधारण रॅमच्या ४० टक्के जागा घेते. १६ जीबी रॅम असेल तर सहा-साडेसहा जीबी. ती काढायची तर टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी, विंडोज १० मध्ये ‘कमांड प्रॉम्प्ट’) ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडून ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ अशी आज्ञा रोमन अक्षरांत द्यायची (पॉवरचं पूर्ण स्पेलिंग आणि त्याला चिकटून सी, एफ, जी). परत हवी असेल तर ‘ऑफ’च्या जागी ‘ऑन’. पण बॅटरी जुनी झाली असेल आणि तुमच्याकडे भारनियमन असेल तर हे करू नका. स्लीपमध्ये बॅटरी संपली तर न जतन केलेलं काम जातं, आणि हायबरनेट नेमकं तेच वाचवतं.

तुमचा स्वतःचा पसारा

आता कागदावरची ‘माझं’ आणि ‘परत मिळेल’ची यादी. इथे व्हिडिओपासून सुरुवात करा. वर्डच्या हजार फाइल्स पुसून जे मिळत नाही ते एका रेकॉर्डिंगमधून मिळतं. फोनवर ४के आणि ६० फ्रेम्सने काढलेला एक मिनिट सुमारे ४०० एमबीचा असतो. गणपतीच्या मिरवणुकीचा वीस मिनिटांचा व्हिडिओ म्हणजे आठ जीबी.

शिकवण्या घेणाऱ्यांनी ‘डॉक्युमेंट्स’मधला ‘झूम’ फोल्डर बघावा. लॅपटॉपवर केलेली सगळी रेकॉर्डिंग्ज तिथे तारखेप्रमाणे साठत जातात. टेलिग्राम वापरत असाल तर दोन जागा आहेत: डाउनलोड्समधला ‘टेलिग्राम डेस्कटॉप’ फोल्डर, आणि ॲपच्या आत ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमधलं ‘मॅनेज लोकल स्टोरेज’. दुसऱ्या जागी साठ्याची कमाल मर्यादा ठरवता येते, ती दोन-तीन जीबीवर आणा. चॅटमधली चित्रं टेलिग्रामच्या सर्व्हरवर राहतात आणि पुन्हा उघडली की परत उतरतात. व्हॉट्सॲपच्या डेस्कटॉप ॲपमध्ये सेटिंग्जमधून फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवणं बंद करा. सोसायटीच्या ग्रुपवरचे सुप्रभात फोनवर येतातच, लॅपटॉपवर त्यांची दुसरी प्रत कशाला?

व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांनी प्रीमियरच्या प्रेफरन्सेसमधलं ‘मीडिया कॅश’ तिथूनच साफ करावं. प्रोजेक्ट आणि मूळ फुटेज त्यात नसतं. प्रोग्रामिंगवाल्यांना डॉकर आणि डब्ल्यूएसएलची व्हर्च्युअल डिस्क माहीत असेलच: आतलं पुसलं तरी ती फाइल आपोआप लहान होत नाही.

ब्राउझरचा कॅश पुसून फारसं काही मिळत नाही. पुसायचाच तर ‘कॅश्ड इमेजेस अँड फाइल्स’ एवढ्यालाच टिक करा. कुकीज पुसल्या की सगळीकडून लॉगआउट व्हाल, पासवर्डवर टिक केली तर मग बघायलाच नको.

एकसारख्या फोटोंच्या दोन-तीन प्रती शोधणारी ॲप्स असतात. ती उपयोगी आहेत, पण ‘सगळ्या डुप्लिकेट पुसा’ हे बटण दाबू नका. एकच लोगो दहा प्रोजेक्टांच्या फोल्डरात असेल तर त्यातल्या नऊ जागा रिकाम्या होतील. फक्त फोटोंच्या फोल्डरपुरतं चालवा.

प्रोग्राम काढताना मराठी फॉन्टकडे लक्ष

सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स, आणि ‘साइझ’प्रमाणे क्रम. वर गेम दिसतील, मग एडिटिंगची सॉफ्टवेअर्स. न लागणारं ‘अनइन्स्टॉल’ करा. प्रोग्राम फाइल्समधला फोल्डर हाताने पुसू नका, कारण नोंदी मागे राहतात आणि पुढे तेच सॉफ्टवेअर पुन्हा टाकताना अडतं. परवान्याचं सॉफ्टवेअर असेल तर की किंवा खात्याचा तपशील आधी लिहून ठेवा.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक खास खबरदारी. युनिकोड रुळण्याआधी आपल्याकडची पत्रकं, लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका, संस्थांचे अहवाल श्री-लिपी, आयएसएम, कृतिदेव अशा फॉन्टांत टाइप व्हायचे. पुण्यातल्या मॉड्युलर आणि सी-डॅक या संस्थांची सॉफ्टवेअर्स कित्येक कार्यालयांत अजून आहेत. अशा फाइलमध्ये अक्षरं खरं तर रोमन खुणांच्या रूपात साठलेली असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. ‘हे जुनं सॉफ्टवेअर आता कोण वापरतं?’ म्हणून ते फॉन्टसकट काढलं, तर वीस वर्षांपूर्वीचा अहवाल उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. फॉन्ट काही शे केबीचे असतात, ते काढून जागा मिळतही नाही. सॉफ्टवेअर काढायचंच तर त्याचे फॉन्ट आधी वेगळे कॉपी करून ठेवा आणि महत्त्वाच्या फाइल्स पीडीएफ किंवा युनिकोडमध्ये बदलून घ्या.

क्लाउड: इथे पुसलं की तिथेही जातं

वनड्राइव्ह किंवा गुगल ड्राइव्हचा फोल्डर लॅपटॉपवर दिसतो, म्हणून लोक समजतात की ‘क्लाउडवर प्रत आहेच, इथली पुसू’. सिंक चालू असेल तर इथली पुसल्यावर तिथलीही जाते. दोन्हीकडे ती ३० दिवस कचरापेटीत असते, हेच नशीब.

योग्य रीत अशी: वनड्राइव्हमधल्या फोल्डरवर उजवी क्लिक करून ‘फ्री अप स्पेस’. फाइलीपुढे निळ्या ढगाची खूण आली की ती फक्त ऑनलाइन आहे, जागा सुटली. हिरव्या बरोबरच्या खुणेची फाइल लॅपटॉपवर आहे. गुगल ड्राइव्हच्या डेस्कटॉप ॲपमध्ये ‘मिरर’ऐवजी ‘स्ट्रीम’ निवडलं की तेच साधतं. ऑनलाइन ठेवलेली फाइल उघडायला नेट लागतं. गावी जिथे रेंजसाठी गच्चीवर जावं लागतं तिथे न्यायच्या फाइल्स ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ करून निघा.

फुकट जागा वनड्राइव्हवर ५ जीबी आणि गुगलवर १५ जीबी. गुगलची १५ ही जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून, आणि १ जून २०२१ पासून नवे फोटोही त्यात धरले जातात. क्लाउड भरला तर सिंक थांबतो, आणि वरवर सगळं ठीक दिसतं. तेव्हा ‘फ्री अप स्पेस’ दाबण्याआधी तो ‘अप टू डेट’ म्हणतोय ना, हे बघा.

डी ड्राइव्ह रिकामा पडलाय?

आपल्याकडे दुकानदार बऱ्याचदा एकाच डिस्कचे सी आणि डी असे दोन भाग करून देतात. मग सी ठासून भरलेला आणि डी ओसाड. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये ‘डिस्क ०’ या एकाच नावापुढे सी आणि डी दोन्ही दिसले, तर ती एकच डिस्क आहे. म्हणजे डीवर ठेवणं हा बॅकअप नव्हे, डिस्क गेली की दोन्ही जाणार.

पण सीवरचा भार हलवायला डी उत्तम. आधी डीवर तुमच्या नावाचा फोल्डर करा, त्यात ‘व्हिडिओज’, ‘पिक्चर्स’, ‘डाउनलोड्स’ असे वेगवेगळे फोल्डर. मग मूळ ‘व्हिडिओज’वर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, ‘लोकेशन’, ‘मूव्ह’, आणि नवा फोल्डर निवडा. फाइल्स हलवू का असं विचारेल, ‘येस’ म्हणा. इथे दोन खड्डे आहेत. एक, नुसता डी ड्राइव्ह निवडू नका, त्यातला फोल्डरच निवडा. नाहीतर अख्खा डी ड्राइव्ह म्हणजेच ‘व्हिडिओज’ होऊन बसतो आणि ते उलटवणं डोकेदुखीचं काम. दुसरा, ‘नो’ म्हणून जुन्या जागी फाइल्स सोडू नका. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० चं एक मोठं अपडेट मायक्रोसॉफ्टला थांबवावं लागलं होतं. त्याचं कारण हेच: फोल्डर हलवला, पण काही फाइल्स जुन्या जागी राहिल्या, आणि अपडेटने ती जुनी जागा रिकामी समजून साफ केली. चूक मायक्रोसॉफ्टची होती आणि ती दुरुस्तही झाली, पण एकाच नावाच्या दोन जागी फाइल्स विखरून ठेवणं तसंही बरं नाही. मूळ फोल्डरच्या पत्त्यात ‘वनड्राइव्ह’ दिसत असेल तर आधी वनड्राइव्हच्या सेटिंगमधून त्या फोल्डरचा बॅकअप बंद करा.

डी लहान करून सी वाढवायचा विचार असेल तर बॅकअप घेतल्याशिवाय हात लावू नका. विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट सीच्या लगेच उजवीकडची मोकळी जागाच घेऊ शकतं. मध्ये रिकव्हरीचा छोटा भाग असेल तर ‘एक्स्टेंड’ फिकटच राहतं.

हे आकडे मोठे दिसले तरी सोडा

‘विंडोज’मधला ‘विनएसएक्सएस’ बऱ्याचदा १० जीबीच्या वर दिसतो. त्यातल्या पुष्कळ फाइल्स म्हणजे इतरत्र असलेल्या त्याच फाइलींची दुसरी नावं असतात, म्हणून आकडा फुगतो. हाताने पुसलात तर विंडोज उठणार नाही. त्यातलं जे जुनं काढता येतं ते ‘विंडोज अपडेट क्लीनअप’ काढतंच. ‘विंडोज’मधला ‘इन्स्टॉलर’ फोल्डरही असाच: तो पुसल्यावर आज काही होत नाही, पण पुढे ऑफिस अपडेट करायला किंवा काढायला गेलात की अडतं. पेजफाइल राहू द्या. आणि एसएसडीवर बाहेरचं डीफ्रॅग (विखुरलेल्या फाइल्स सलग लावणारं साधन) चालवू नका. त्याने जागा मिळत नाही, उगाच लिखाण वाढतं.

‘एका क्लिकमध्ये सफाई’वाली ॲप्स

माझं मत स्पष्ट आहे: नकोत. वर जे केलं त्यापलीकडे ती फारसं काही करत नाहीत, आणि रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) साफ करून जागा तर मिळतच नाही. मायक्रोसॉफ्टही रजिस्ट्री क्लीनरची भलामण करत नाही. नावाजलेलं असलं म्हणजे सुरक्षित, असंही नाही. सीक्लीनरच्या ५.३३ आवृत्तीत हल्लेखोरांनी घातक कोड घुसवल्याचं सप्टेंबर २०१७ मध्ये उघड झालं; ती २० लाखांहून अधिक संगणकांवर गेली होती. ब्राउझरमध्ये ‘तुमची डिस्क भरली आहे, या नंबरवर फोन करा’ असं भोंग्यासह आलं तर टॅब बंद करा. विंडोज स्वतःहून फोन नंबर देत नाही. फोन करून पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

चुकून पुसलंच तर

शिफ्ट-डिलीट केलेली किंवा पेन ड्राइव्हवरून पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर ती शोधून काढायची बऱ्यापैकी आशा असते. एसएसडीवर फारच कमी, कारण विंडोज पुसलेल्या जागेची खबर ‘ट्रिम’ने लगेच डिस्कला देतं आणि डिस्क ती जागा खरोखर रिकामी करते. लॅपटॉप तिथल्या तिथे बंद करा, काहीही इन्स्टॉल करू नका. आधी क्लाउडची कचरापेटी, मेलमधली जुनी पाठवणी आणि ज्याला फाइल पाठवली होती तो माणूस, हे तिन्ही दुसऱ्या उपकरणावरून तपासा. फाइल बहुतेकदा तिथेच सापडते.

एवढं करूनही पुरत नसेल

तर डिस्कच लहान आहे. स्वस्त लॅपटॉपमध्ये ६४ जीबीची ईएमएमसी (साधी, लहान साठवण चिप) असते. विंडोज ११ ची किमान अटच ६४ जीबीची, तेव्हा तिथे कायमची ओढाताण. ती बहुतेक मदरबोर्डला कायमची डाग देऊन (सोल्डर करून) जोडलेली असते, बदलता येत नाही. इतर बऱ्याच लॅपटॉपमध्ये एसएसडी बदलता येते, काहींत दुसऱ्या एसएसडीसाठी रिकामी जागाही असते. दुकानात जाण्याआधी मॉडेलच्या माहितीपत्रकात बघा की एम-टू एनव्हीएमई चालते की साटा (एसएसडी जोडायच्या या दोन पद्धती). दोन्ही दिसायला सारखी, पण एकीच्या जागी दुसरी चालेलच असं नाही.

नवी एसएसडी बसवण्याआधी बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते तपासा आणि ४८ आकडी रिकव्हरी की लॅपटॉपबाहेर लिहून ठेवा. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. दुकानदाराला ‘क्लोन करून द्या’ (जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत नव्यावर) सांगाल तेव्हा ‘सी पूर्ण वाढवून द्या’ हेही सांगा, नाहीतर ५१२ ची डिस्क आणूनही सी ड्राइव्ह २३८ चाच दिसेल आणि उरलेली जागा कुठल्याही अक्षराविना पडून राहील. जुनी डिस्क परत मागून घ्या आणि नव्यावर सगळं उघडतंय याची खात्री होईपर्यंत, महिनाभर तरी, फॉरमॅट करू नका.